मीटरचा लाल दिवा

संग्रामपूरचा शालिग्राम एकेकाळी उपसरपंच होता. पद गेलं, आवाज तेवढा राहिला; आणि तो ऐकायला घरात उरली एकटी बायको, सिंधूताई. दुपारी भांडी उरकून ती टीव्हीसमोर टेकली रे टेकली, की हा ठराव मांडल्यासारखा गरजायचा, "बंद कर ते डबडं! लाईटचं मीटर पयून राह्यलं." आणि उठून स्वतःच बटण दाबायचा. सिंधूताई मुकाट्यानं उठायची. या माणसाशी वाद घालणं म्हणजे म्हशीला आरसा दाखवणं, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

पौषात सातपुड्याकडून गार वारं सुटलं, तसे त्याचे देहाचे लाड सुरू झाले. सकाळी बादलीत हीटरचा रॉड सोडायचा आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला काटकसर शिकवायची. आत पाणी खदखदायचं. मग ते सोसवत नाही म्हणून त्यात गार पाणी ओतायचं! सिंधूताई बघायची अन् मनातल्या मनात थुंकायची.

एकदा शेजारच्या वंदनासमोर त्यानं टीव्ही बंद केला, वर म्हणाला, "हिले काही अक्कल नाही." सिंधूताईचं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वंदनाला बोलावलं आणि ओट्यावरच्या मीटरखाली उभं केलं. घरात फक्त टीव्ही चालू होता. मीटरचा लाल दिवा सावकाश, पेंगुळल्यासारखा मिचमिचत होता.

"आता तुमचा रॉड लावा," ती नवऱ्याला म्हणाली.

"काऊन?"

"लावा तं खरं."

रॉड लागला आणि दिवा लाह्या फुटल्यासारखा उडायला लागला. वंदनानं तोंडाला पदर लावला.

"पाह्यलं? कोण पयवते मीटर?"

शालिग्रामनं मीटरच्या काचेवर टिचकी मारली. मग खाकरून म्हणाला, "मीटरच खराब हाय."

तिला ना राग आला, ना कीव. डोळ्यांदेखत हरलेला माणूस निदान गप्प तरी बसतो. याला तेही जमेना. तिनं रॉडचं बटण बंद केलं आणि तो निवल्यावर माळ्यावर फेकला.

"तुराट्या परसात हायेत. पेटवा चूल."

दोन दिवस त्यानं हट्टानं गार पाण्यानं अंघोळ केली. शिंका सुरू झाल्या, तसा निमूट ओट्यालगतच्या चुलीपुढं बसून फुंकर घालू लागला. धुरानं डोळे गळत होते, तरी रस्त्यावरच्या माणसाला सांगतच होता, "चुलीच्या पाण्यानं हाडं मजबूत राह्यतात. म्या तं रॉडच बंद करून टाकला घरात."

आत सिंधूताईनं ते ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.