हाताला येईल अशी दांडी

आमच्या गल्लीत त्याला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. हा सुतार चालायचा तसाच ताठ आणि बोलायचाही तसाच, इकडे नाही की तिकडे नाही. कपाटात कपडे टांगायची दांडी बसवावी तर त्यानेच. टेप फक्त रुंदीला लावायचा, उंचीला कधीच नाही. कपाटासमोर उभं राहायचं, कपाळाला हात लावायचा, त्याच्यावर चार बोटं, तिथे पेन्सिलची खूण. उस्तादाने शिकवलेलं. लांब कोट टांगा, खाली लोळणार नाही. शेकडो घरांत त्याने अशा दांड्या बसवल्या, आणि स्वतःच्या खोलीत कपडे दोरीवर.

बायको गेली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. पुढच्याच वर्षी हा एका गिऱ्हाइकाच्या पोटमाळ्यावरून पडला. चार महिने दवाखाना. मागे-पुढे कोणी नाही, म्हणून मुलीला बालगृहात ठेवलं. तो बरा झाला, म्हणजे उजव्या हाताची पकड सोडून बाकीचा. मुलगी परत मागायला गेला तर बालगृहाचे साहेब म्हणाले, आधी घर बघू. ठेवून घ्यायला त्यांना एक सही पुरली होती. परत द्यायला अकरा कागद. ते कागद गोळा करत मी, गल्लीतला मोर्चेवाला, त्याच्याबरोबर हिंडलो, दोन टेबलांवर हातही आपटले. दहा मिळाले. अकरावा घरभेटीचा: मुलाला स्वतंत्र बिछाना आणि स्वतंत्र कपाट हवं.

कुणीतरी मोडीत काढलेलं प्लायचं कपाट त्याने पाठीवर मारून आणलं. भेटीच्या दिवशी पहाटेपासून दांडीच्या मागे लागला. ड्रिल डाव्या हातात, उजवा नुसता टेकू. प्लाय भुसभुशीत, स्क्रू धरेना. दोनदा पाइप सुटून पायावर आला. मी म्हटलं, आण इकडे, तर म्हणाला, "तुम्ही मोर्चे काढा. हे माझ्या लेकीचं आहे."

अकराच्या आधी दांडी बसली. पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. त्याने मुलीचे पाच फ्रॉक टांगले आणि बिछान्यावरची चादर चौथ्यांदा ओढली.

तपासणीच्या बाई मुलीला घेऊनच आल्या. आठ वर्षांची झालेली पोर दाराशी थांबली, चपला एकीला एक लावून ठेवल्या आणि आत यायला परवानगी विचारली. बापाच्या घरात. ओळंब्याने मान फिरवली.

बाईंनी बिछाना बघितला, खिडकीची कडी बघितली. मग मुलीला सांगितलं, "स्वेटर काढ आणि तुझ्या कपाटात अडकव बघू."

पोर कपाटापाशी गेली. हात वर केला. टाचा उचलल्या. दांडी हातभर वर. ती स्टुलाकडे गेली नाही, कारण बालगृहात स्टुलावर चढलं की शिक्षा असते. बापाकडे बघितलंही नाही. स्वेटरची नीट चौकोनी घडी घातली आणि कपाटाच्या तळाशी, जमिनीवर ठेवली.

तेव्हा ओळंब्याचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाला गेला. दांडी तिथेच होती. चार बोटं वर.

"दहा मिनिटं द्या, बाई."

बाईंचं पेन चालू झालं होतं. रकाना होता: मूल आपले कपडे आपण काढू-ठेवू शकतं का? त्यांनी लिहिलं, नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, मापाने माणूस तोलता का तुम्ही, आणि आणखीही बरंच. बाईंनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण माझ्यामुळे लागलं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

इकडे त्याने दांडी उतरवली होती. "ये गं," तो म्हणाला, "इथे उभी राहा. हात वर कर. ताणू नकोस, सहज." तिच्या बोटांपाशी त्याने खूण केली. भोकं पाडली, पाइप लावला तर अर्धं बोट कमी. कपाट खाली फाकलेलं होतं. वरच्या मापाने कापलेला पाइप खाली पोचेना. ओळंबा म्हणवणाऱ्याने कपाटालाच ओळंबा लावला नव्हता. त्याने लाकडाच्या दोन चिपा तासल्या, दोन्हीकडे पाइपाची टोकं बसतात त्या वाट्यांमागे ठोकल्या. उजव्या हाताला पकड नव्हती, पोरीने पाइपाचं दुसरं टोक धरलं. बसली दांडी. मुलीने स्वेटर हँगरला घातला आणि अडकवला. सहज.

"आता लिहा," तो बाईंना म्हणाला.

"शाईत लिहिलंय. खाडाखोड चालत नाही. पुढच्या भेटीत बघू."

"पुढची कधी?"

"कळवू."

स्वेटर बालगृहाचा होता. पोरीने तो काढून पुन्हा अंगात घातला. निघताना कपाटाच्या बाजूकडे बोट दाखवून विचारलं, "बाबा, मी उंच झाले तर?"

"तर वर करू. वरची भोकं बुजवत नाही मी."

त्या भेटीला आता चौदा महिने झाले. बाईंची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना फाइल सापडत नाही, आणि मला त्या कचेरीत आता आत घेत नाहीत. रविवारी अर्धा तास भेट असते, फाटकाच्या बाहेरून. ओळंबा पोरीला गजाशी उभी करतो, हात वर करायला सांगतो, आणि तिची बोटं कुठे पोचतात ते स्वतःच्या छातीवर बोट टेकवून धरतो. मग ते बोट तसंच छातीवर ठेवून दोन मैल चालत घरी येतो. रस्त्यातली माणसं त्याला वेडा समजतात.

त्याच्या कपाळाच्या उंचीची पहिली जोडी सोडली तर कपाटाच्या दोन्ही बाजूंना खालून वर भोकांच्या तीन जोड्या झाल्या आहेत. दांडी तिसऱ्या जोडीत आहे. फ्रॉक तेच, पाच. त्यातला एकही आता तिच्या अंगाला येणार नाही, हे त्याला मी सांगितलेलं नाही.