रविवारची दहा मिनिटं

सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या दामोदररावांचा जीव दोन ठिकाणी अडकलेला होता. एक त्यांच्या पत्नी कल्पनाताई आणि दुसरी मल्लेश्वरमच्या घरासमोर उभी असलेली जुनी जर्मन व्हॅन. यांतलं पहिलं कोण, हे कल्पनाताईंना विचारू नये. व्हॅनचं इंजिन मागे, पाण्याविना नुसत्या हवेवर थंड होणारं. मूळ सायलेन्सर गेला, तसा पुन्हा मिळेना, तेव्हापासून दामोदरराव बाजारात बनवलेले बसवत आले. एकही चार वर्षांच्या वर टिकला नाही.

मिरजेला त्यांच्या सासूबाई होत्या. जावयाच्या गाडीतून एकदा नरसोबाच्या वाडीला जायचं, एवढीच त्यांची इच्छा. दर दिवाळीला त्या विचारायच्या आणि दर दिवाळीला दामोदरराव म्हणायचे, सायलेन्सर नाजूक आहे, पुढच्या वर्षी नक्की. मग दोघं नवराबायको रेल्वेने मिरजेला जायची. गाडी मात्र त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली. रविवारी सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, मग पुसून झाकून ठेवायची. गेल्या माघात सासूबाई गेल्या. तेव्हाही दोघं रेल्वेनेच पोचली.

या महिन्यात सायलेन्सर पुन्हा फुटला. यशवंतपूरच्या दयानंद मेकॅनिकने तो कापून उघडला. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी कानडीत मुरलेली. बाहेरून चकचकीत पत्रा, आतून चाळण. दामोदररावांनी पत्र्याला नावं ठेवली, बनवणाऱ्यालाही ठेवली. दयानंद शांतपणे म्हणाला,

"पत्रा सरी आहे, अण्णा, चांगला आहे. तुम्ही स्वल्प वेळ सुरू करून बंद करता. तेवढ्यात हा नीट तापत नाही, धुरातलं पाणी आतच राहतं, गंज धरतो. महिन्यातनं एकदा लांब नेली असती गाडी, तर हाच दहा वर्षं टिकला असता."

जन्मभर इंजिनिअर म्हणून मिरवलेल्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. कल्पनाताई कोथिंबीर निवडत होत्या.

"म्हणजे आईला वाडीला नेलं असतं," त्या म्हणाल्या, "तर तुमचा सायलेन्सरही टिकला असता."

चूक पत्र्याची नव्हती, हे आता दोघांनाही कळलं होतं.

नवा सायलेन्सर बसला. रविवारी दहा मिनिटं झाली तरी दामोदररावांनी इंजिन बंद केलं नाही. तुमकूरपर्यंत जाऊन येऊ, म्हणाले. कल्पनाताई निमूट आल्या आणि मागे बसल्या. पुढे या म्हटल्यावर म्हणाल्या, आईला पुढची खिडकी हवी होती. तुमकूर येईपर्यंत दामोदररावांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली.