धाकटा महिना

मियाओ गुइलानने चौदा वर्षांत एकशे एकसष्ट बाळंतिणींचा महिना काढून दिला, पण त्यांत स्वतःची मुलगी नव्हती. तेवढं एक बाळंतपण आपल्या हातून व्हावं, याखेरीज तिला काही मागायचं उरलं नव्हतं.

बाळंतिणींना महिनाभर सांभाळणाऱ्या बायका पुरवायच्या हांगझोऊमधल्या आमच्या एजन्सीत पूर्वी बायका पोट दिसायच्या आधीच तिचं नाव नोंदवून ठेवत. आता मुलंच होईनाशी झालीत. आम्ही सहाजणी दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतो आणि मालकीण म्हणते, म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला शिका, ते गिऱ्हाईक वाढतंय. पन्नाशी उलटलेल्या गुइलानने केस काळे करून घेतले, तरी एप्रिलपासून तिला एकही घर मिळालं नव्हतं.

तिची मुलगी रुओनिंग याच शहरात नोकरीला. ती दोन वर्षांची असताना गुइलान तिला गावी सासूपाशी ठेवून कारखान्यात आली, ती आलीच. रुओनिंगच्या लहानपणी मायलेकींची भेट वर्षातून एकदा, नववर्षाला. त्यामुळे रुओनिंगला दिवस गेल्याचं जावयाने कळवलं, तेव्हा गुइलानने त्याच संध्याकाळी गावाकडे बाळंतिणीच्या सुपासाठी जुन्या कोंबड्या सांगून ठेवल्या.

रविवारी रुओनिंगनेच सांगितलं, मूल ठेवणार नाही, गुरुवारची वेळ घेतलीय. तिच्या विभागातल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या, तर त्यांना गोदामात बसवलं होतं. गुइलान म्हणाली, मी सांभाळते, स्वयंपाकघरात झोपेन, तू महिना झाला की कामाला जा.

"मलाही कुणीतरी सांभाळलंच की, आई," रुओनिंग म्हणाली. "याचंही तसंच करायचं का?"

 गुरुवारी गुइलान दवाखान्यात मुलीचा कोट हातात धरून बसली.

आमच्यात मूल हाती न लागलेल्या बाईलाही पंधरा दिवस बसवतात. त्याला धाकटा महिना म्हणतात. गुइलान पिशवी घेऊन मुलीकडे राहायला गेली. खिडक्या लावल्या, गार पाण्याचा नळ बंद केला, दिवसातून सहा वेळा कोंबडीचं सूप, बाजरीची पेज, लाल साखरेचं पाणी. रुओनिंगने ऑफिसात सर्दी झाल्याचं कळवलं होतं. कायद्याने अशा वेळी पंधरा दिवसांची रजा मिळते, पण त्यासाठी दवाखान्याचा कागद दाखवावा लागतो, आणि कागद पाहिला की साहेबाला कळणार, हिला मूल होऊ शकतं.

सोमवारी सकाळी रुओनिंगचे बूट सापडेनात. गुइलान पलंगावरच्या रजयांच्या ढिगावर बसून होती.

"ऊठ, आई. बूट दे."

"बारा दिवस उरलेत. एवढं तरी माझ्याकडून घे."

"नऊला हजेरी लागते."

"अंग ओलं आहे तुझं. हाडात वारा शिरला तर जन्मभर निघत नाही. परक्या बायकांना मी पाण्यात बोट बुडवू दिलं नाही गं."

"त्या बायकांना ऑफिसने परत घेतलं का?" रुओनिंगने विचारलं. "एकशे एकसष्टांपैकी एकीला तरी कधी विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. महिना संपला की ती पुढच्या घरी जात असे.

गुइलानने रजयांखालून बूट काढले. खाली बसून मुलीच्या पायांत दोन-दोन लोकरी मोजे चढवले, नाड्या बांधल्या. रुओनिंगने बांधू दिल्या. पाय लहान होते, दोघींचे सारखेच. आजवर गुइलानच्या ते लक्षात आलं नव्हतं.

सहाव्या मजल्यावरून तिने मुलीला फाटकाकडे जाताना पाहिलं. रुओनिंग भिंतीला हात टेकून क्षणभर उभी राहिली आणि पुन्हा चालू लागली. हाक मारायला गुइलानचा हात खिडकीच्या कडीकडे गेला. मग वारा आत येईल म्हणून तिने खिडकी उघडली नाही. खोलीत तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.