दारासमोरचा बाक

आंधळगावचा कुंदन हेडाऊ विणकर. बापाच्या शेजारच्या मागावर बसतो आणि दिवसभरात जे थोडंफार बोलतो, त्यातलं निम्मं मागाशी. गेल्या वर्षी त्याच्या मानेत गाठी आल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर आहे, पण बरा होण्यातला आहे, असं सांगून सोमवारी केमो ठरवली. त्याआधी वीर्य गोठवून ठेवा, म्हणाले. औषधांनंतर मूल होईलच याची खात्री नाही.

शहापूरच्या रंजिताशी त्याचं लग्न ठरलं होतं. त्याने तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शनिवारी जाऊन या. अन् घरच्यायले नका नेऊ."

सल्ला उत्तम होता. पण आमच्याकडे दवाखान्यात एकटा जाणारा माणूस अनाथ तरी समजला जातो, नाहीतर भांडखोर. शनिवारी गाडीत कुंदनसोबत वडील सेवकराम, आई जानकीबाई आणि शेजारचे सोमाजी बसले. सोमाजींचं नागपुरात कोणी नव्हतं, पण त्यांना रस्ते माहीत होते.

लॅबमधल्या बाईंनी कुंदनला डबी देऊन खोली दाखवली. खोलीला दार होतं, दारासमोर बाक होता आणि बाकावर तिघं बसले.

बराच वेळ गेला. जानकीबाईंनी दार वाजवलं. "बाबू, पोटात अन्न नाई तुह्या. दोन घास खाऊन घे, मंग कर."

"वयनी, घाई नोका करू," सोमाजी म्हणाले. "होते, होते."

"आई, तू जाय ना तिकडं!" आतून आवाज आला.

शेवटी कुंदन रिकामी डबी घेऊन बाहेर आला. "नाई जमत. राहू द्या. जीव वाचला तरी पुष्कळ हाय."

उद्या लॅब बंद, परवा केमो.

मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की विणकर शेवटचे धागे कापत नाही. नवा ताणा त्यांनाच गाठून पुढे ओढतो. सेवकराम आता उठले.

"ताणा कापून कोनी माग मोकळा करते का? जाय आत." मग बाकाकडे वळून, "चला, चाय पिऊ."

"अन् पोरगा एकटा?" जानकीबाई म्हणाल्या.

"एकटाच."

जेवणाचा डबा मात्र जानकीबाईंनी बाकावर ठेवला. सोमाजींना सेवकरामांनी मुद्दाम दुसरा चहा पाजला. परतले तेव्हा कुंदन बाकावर पोळी-वांगं खात होता.

"झालं?"

"झालं. चांगलं हाय म्हने, ठेवलं त्यायनं."

"मी कवाची सांगून राहिली," जानकीबाई म्हणाल्या, "पोटात अन्न पाह्यजे."