परक्याच्या नावाने लावलेला कौल

माझी शेजारीण मथुराबाई हिच्याविषयी मी हे लिहीत आहे. ती आमच्या मसुरे गावची साधी बाई असून तिचे नाव कधी वर्तमानपत्रात आलेले नाही. मी सदुसष्टाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकले. त्यामुळे स्वतः जे पाहिले व ऐकले तेवढेच लिहिण्याचा माझा निश्चय आहे.

मथुराबाईचा मुलगा सुदेश गोव्यातील एका फुटबॉल संघाची बस चालवतो. गेल्या वर्षी जानेवारीत त्याने त्या संघातील एक जपानी खेळाडू आईच्या घरी आणून ठेवला. त्याचे नाव केइता, वय चौतीस. तो आघाडीचा खेळाडू होता. म्हणजे समोरच्या गोलाजवळ राहून चेंडू जाळ्यात मारणे हेच त्याचे काम. एकोणिसाव्या वर्षी तो जपानमधील दुसऱ्या श्रेणीच्या संघात खेळू लागला. पहिल्या श्रेणीत त्याला कोणी घेतले नाही. पुढे तो चार वर्षे थायलंडमध्ये खेळला आणि तेथून गोव्यात आला. त्याच्या उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. गुडघा पुन्हा सुजल्यामुळे संघाने त्याला सहा आठवड्यांची विश्रांती दिली होती. मार्चमधील सामन्यात तो नीट खेळला तरच पुढील वर्षी त्याला ठेवणार, असे प्रशिक्षकाने स्पष्ट सांगितले होते.

तो रोज सकाळी खाडीच्या कमरेइतक्या पाण्यात चालत असे. दुपारी मथुराबाई कोमट खोबरेल तेलाने त्याचा गुडघा चोळत असे. तीन वर्षांत तो थोडी कोंकणी शिकला होता व तिला आई म्हणत असे.

"आई, हो पांय म्हजो न्हय, तुजो," तो हसून म्हणे.

"माझो असतो तर हेच्यापेक्षा बरो असतो रे. मी ह्या वयात माड शिंपतंय!" ती उत्तर देई.

सामन्याच्या आधीच्या मंगळवारी मथुराबाई मला घेऊन देवळात गेली. कशासाठी ते तिने वाटेत सांगितले नाही. तेथे गुरवाने देवाच्या पाषाणावर उजवीकडे व डावीकडे ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, परक्या मुलखातलो एक झील आज तुझ्या गावात ऱ्हवता आसा. आयतवारी तो खेळाक उतरलो, तर तेचो पाय शाबूत ऱ्हवतलो काय? ऱ्हवतलो तर उजवो दी, नाय तर डावो दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मथुराबाई म्हणाली.

आम्ही बराच वेळ उभ्या होतो. मग डावीकडील पाकळी सुटून खाली पडली.

गुरवाने तिच्याकडे पाहिले. "डावो दिलो गो. पण जेचो पाय तेका इचारलंस काय कौल लावच्या आधी?"

मथुराबाईने मान हलवली. तिने त्याला विचारले नव्हते.

तिची भीती समजण्यासाठी एक जुनी गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. एकवीस वर्षांपूर्वी तिचे पती बाबली होडी घेऊन निघणार होते, तेव्हाही तिने त्यांच्या नकळत कौल लावला होता व तो डावा आला होता. होडीवरील माणसे तयार होती, जाळी चढली होती. लोक हसतील म्हणून ती गप्प राहिली. होडी खाडीच्या मुखाशी उलटली. बाबली परत आले नाहीत.

त्या मंगळवारपासून तिचे कामात लक्ष नसे. आमटीत दोनदा मीठ पडले. केइता अंगणात उड्या मारू लागला की ती आत जाऊन बसे.

"सांग तेका," मी म्हटले.

"सांगलंय आणि तेच्या मनात भिया बसला तर? भियालेलो माणूस चेंडू मारतलो कसो?"

"मग गप ऱ्हव."

"एकदा गप ऱ्हवलंय ना गो, सुभद्रे!"



शनिवारी दुपारी गुडघ्यावर तेल चोळताना तिने त्याला सर्व सांगितले, बाबलींचेही. तो हसला नाही. त्याच्या देशातही देवळात नशिबाची चिठ्ठी काढतात आणि ती वाईट निघाली तर घरी न आणता देवळातच बांधून ठेवतात, असे तो म्हणाला. "वायट चिठी आमी थंयच बांदून येतात. घरा हाडनात. तुमी खंय बांदतात?"

मथुराबाई तेलाच्या वाटीकडे पाहत राहिली.

"भियेव नाका, आई," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्याने गुडघा स्वतःच झाकून घेतला.

रविवारी सुदेशने ओळखीच्या एका गाडीतून आम्हां दोघींना गोव्यात बोलावून घेतले. गोव्याच्या सीमेजवळ इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवून मागचे झाकण उघडायला लावले, तेव्हा मथुराबाईने माझे मनगट धरले. "परत जावया गो."

"कित्याक? तुझ्या कौलाचो परवानो मागतत काय ते?" मी थट्टा केली. ती हसली नाही.

सामना पाच वाजता सुरू झाला. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला. एका तासानंतर केइताला आत पाठवले. तो धावला की मथुराबाई डोळे मिटे आणि मला विचारी, "उभो आसा मां?" मी म्हणे, "उभो आसा."

सामना संपायला दहा मिनिटे उरली असताना चेंडू त्याच्या पुढ्यात आला. समोर एकटा गोलरक्षक होता. त्याने उजवा पाय मागे नेला. सारे प्रेक्षक उठले. तेवढ्यात तो पाय हवेत थबकला, मी स्वतः पाहिला, आणि त्याने चेंडू डावीकडे दुसऱ्या खेळाडूला ढकलला. त्या खेळाडूचा फटका गोलाबाहेर गेला. सामना बरोबरीत सुटला.

केइता स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. गुडघा शाबूत होता. संघाने मात्र त्याला पुढे ठेवले नाही व इतर कोणी बोलावलेही नाही. पंधरा वर्षांची त्याची कारकीर्द तेथे संपली.

जाण्यापूर्वी तो सामान नेण्यासाठी आला. मथुराबाईने त्याला विचारले, "मारलंस कित्याक नाय रे?"

तो रागावल्याचे कोणतेही चिन्ह न दाखवता म्हणाला, "त्या वेळार म्हाका तुजें तोंड दिसलें, आई." आणि तिच्या पाया पडून गेला.

मथुराबाईने त्याचा पाय वाचवला की त्याचा खेळ मोडला, हे मी ठरवू शकत नाही. तिलाही ते ठरवता आलेले नाही. ती देवळात जाते, दिवा लावते, परंतु कौल लावत नाही. सुदेश नवी नोकरी धरणार होता, तेव्हा त्याने तिला कौल लावण्यास सांगितले. ती म्हणाली, "तू सोता ये आणि सोता इचार. तुझ्या नावान मी तोंड उघडूचंय नाय."

केइता आता आपल्या गावी लहान मुलांना खेळ शिकवतो. त्याने फोटो पाठवला होता. मथुराबाईने तो जवळ धरून फक्त त्याचा उजवा पाय पाहिला. पाय पँटखाली झाकलेला होता.

पावसाळ्यानंतर तिने माझ्याकडून एक पत्र लिहून घेतले. त्यात एकच प्रश्न आहे: तू अजून उजव्या पायाने चेंडू मारतोस काय? सुदेश ते इंग्रजीत करून धाडणार आहे. परंतु तो आला की ती म्हणते, "आज नको, फुडल्या खेपेक." पत्र तिच्या देव्हाऱ्यामागे आहे. पहिला कागद पडून मळला म्हणून मी ते चांगल्या अक्षरात दोनदा लिहून दिले आहे.