निळ्या काठाची ताटली

आमच्या घराण्यातून परदेशी गेलेली पहिली बाई मी, आणि तिथे जाऊन मी जे काही केलं ते एका ताटलीपायी केलं.

हे तेव्हा कोराडीच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होते. ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. तुर्कस्तानात समुद्रकाठी एक वीजकेंद्र उभं राहत होतं, तिथल्या बॉयलरवर देखरेख करायला यांना एका हिवाळ्यापुरतं पाठवलं. मुलगी लग्न होऊन यवतमाळला गेलेली, मुलगा पुण्याला वसतिगृहात. कोराडीत एकटीने खिडक्यांवरची राख पुसत बसण्यापेक्षा सोबत गेलेलं बरं, असा हिशोब मी केला. (माझा हिशोब नेहमी चुकतो, हे यांचं मत. ते मीच इथे लिहून टाकते, म्हणजे त्यांना पुन्हा बोलायला नको.)

गाव एवढंसं. उन्हाळ्यात म्हणे तिथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा समुद्रासमोरची हॉटेलं कुलूपबंद, खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या आणि होड्या वाळूत पालथ्या पडलेल्या. समुद्र मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. पहिल्या दिवशी फार छान वाटला. दुसऱ्या दिवशी तो तसाच होता. आमच्या अंबाझरी तलावाला निदान पलीकडचा काठ आहे, आणि अलीकडच्या काठावर भुट्टे भाजणारा आहे.

हे सकाळी कंपनीच्या गाडीने जात आणि अंधार पडल्यावर परत येत. मधला सगळा दिवस माझा एकटीचा. कोराडीच्या कॉलनीत "काय वं, झाला का सैपाक?" एवढंच विचारायला बाया दारात येतात आणि तासभर हलत नाहीत. तेव्हा मला त्यांचा वैताग यायचा. इथे मी बाजारात बोटाने कांदे दाखवायचे, दुकानदार मान हलवायचा, संपलं संभाषण. मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला, म्हणून मी भांड्यांशी बोलायला लागले. एकदा हे लवकर घरी आले ते दारातच थबकले.

"कोणासंग बोलून राहिली वं?"

"गंजासंग." गंज म्हणजे आमच्याकडचं भाताचं मोठं पातेलं.

"काय म्हणते गंज?"

"तुमच्यापेक्षा जास्त बोलते."

अशा दिवसांत एका सकाळी दार वाजलं. बाहेर शेजारची बाई. साठीच्या पुढची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात घोळदार सलवार, आणि हातात निळ्या काठाची चिनीमातीची ताटली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "हातिजे." मी माझ्या छातीवर हात ठेवून "सुमन" म्हटलं. तिने ताटली दिली, माझ्या गालाला हात लावला आणि गेली. तेवढ्या हाताने मला रडू यायला लागलं, म्हणून मी घाईने ताटलीत काय आहे ते बघितलं.

गव्हाची खीर होती. इथवर ठीक. पण खिरीत राजमा होता, हरभरे होते, जर्दाळू होते, वर डाळिंबाचे दाणे. उसळीचं आणि खिरीचं लग्न लागलं होतं आणि वऱ्हाडी म्हणून सुका मेवा आला होता. आम्ही दोघांनी खाल्ली. चांगली होती.

आता प्रश्न ताटलीचा. आमच्याकडे शेजारच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. माझ्या सासूबाई तर रिकामी वाटी परत करणाऱ्या बाईला वर्षभर हळदीकुंकवाला बोलवत नसत. तेव्हा मी नागपूरहून ट्रंक भरून आणलेल्या सामानातून मैदा काढला, शंकरपाळे तळले आणि ताटली भरून शेजारी देऊन आले. मनात म्हटलं, झालं, फिटलं शेजारणीचं ऋण.

दुसऱ्या दिवशी ताटली परत आली. भरून!

आत द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात होता, बोटाएवढ्या गुंडाळ्या, आमच्या अळूवड्यांच्या दूरच्या मावसबहिणी. त्यात मटण वगैरे असेल तर विचारावं कसं, म्हणून मी डोक्याला दोन बोटं लावून शिंगं केली आणि जोरजोरात नाही म्हणून मान हलवली. हातिजेबाईनेही मान हलवली. तिला काय समजलं ते तिलाच ठाऊक, पण तिच्याकडून पुढे कधी मांस आलं नाही.

मी पाटवड्या पाठवल्या. तिच्याकडून चीज भरलेल्या पोळ्या आल्या. मी चिवडा पाठवला. तिच्याकडून जैतुनाची फळं आली, दिसायला जांभळं आणि चवीला काढा. मी पुरणपोळी पाठवली, आमची नागपुरी, पुरणाने फाटायला आलेली. तिच्याकडून पाकात बुडवलेलं काहीतरी इतकं गोड आलं की यांची दाढ दुखायला लागली.

"अवं, ही बाई थकत नाही का?" हे गालाला हात लावून म्हणाले.

"मी कुठं थकली?"

"तू थकली नाही, पण ट्रंक थकली. बेसन पाहिलं का तू? हिवाळा अर्धा बाकी आहे."

"मग काय करू? रिकामी देऊ ताटली?"

"दे ना. तिले काय माहीत आपले नियम?"

"तिले माहीत नाही, मले तर माहीत आहे."

यावर इंजिनिअर माणसाने दुसऱ्याही गालाला हात लावला. तसं बघितलं तर मीही दमले होते. सकाळी उठावं ते आज ताटलीत काय, या विचाराने. एवढा विचार मी मुलीच्या लग्नाच्या पंगतीचा केला नव्हता.

शेवटी मला आठवलं की नियमाला पळवाट आहे. घरात काही नसेल तर भांड्यात चिमूटभर साखर घालून दिली तरी चालते. भांडं रिकामं जात नाही आणि समोरच्या बाईला कळतं की आता पुरे. मी ताटली घासली, मधोमध साखरेचे दोन चौकोनी खडे ठेवले आणि देऊन आले. हातिजेबाईने त्या खड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, समजली बिचारी.

ती समजली होती, पण भलतंच. तासाभराने दार वाजलं. हातिजेबाई साखरेचं भलं मोठं पुडकं, कणीक, चहाची पूड आणि बटाटे घेऊन उभी. सगळ्यात वर ती ताटली, आणि तीत पाव. इंडियातून आलेल्या या बाईच्या घरातली साखर संपली आहे, मागायला लाजते, म्हणून उरलेले दोन खडे दाखवायला घेऊन आली, असा तिने अर्थ काढला होता. आणि तो अर्थ तिने स्वतःपुरता ठेवला नव्हता. संध्याकाळी मी कांदे घ्यायला गेले तर दुकानदाराने माझ्याकडे करुण नजरेने बघितलं आणि पिशवीत फुकट दोन लिंबं टाकली.

"माझी पूर्ण इज्जत घालवली तू," हे म्हणाले. "साइटवरचा फोरमन मले विचारून राहिला, पगार मिळते ना म्हणून."

आता एवढ्या सामानाच्या बदल्यात काहीतरी दणदणीत द्यायला हवं होतं. ट्रंक उघडली. बेसन संपलं होतं, गूळ संपला होता, पोहे संपले होते. उरल्या होत्या डाळी, आणि भिवापुरी मिरच्यांच्या तिखटाचं न फोडलेलं पाकीट. मी वडाभात केला. डाळी भिजवून, वाटून वडे तळले, ते गरम भातावर कुस्करले, आणि वरून तिखटाची लालभडक फोडणी. आमच्याकडे पाहुण्याला वडाभात वाढला आणि त्याच्या नाकातून पाणी आलं नाही तर यजमानीणबाईला वाईट वाटतं. मी तर हातिजेबाईची पाहुण्यांहून जास्त बडदास्त ठेवली. ताटलीचा निळा काठ तेलाने लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी ताटली आली नाही.

"सुटलो," हे म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी साधा वरण-भात जेवले.

मलाही सुटल्यासारखं वाटलं. पायावर पाय टाकून बसले. चहा केला. समुद्र बघितला. तसाच होता. दुपारी एकदा वाटलं दार वाजलं. वारा होता.

त्याच्या पुढच्या दिवशीही ताटली आली नाही. हातिजेबाईच्या खिडकीचा पडदा बंद. धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे ती घरात होती. मी दोनदा दार उघडून पायरी झाडली. पायरीवर काही नव्हतं. मशिदीत दुपारची बांग झाली, मग तिसऱ्या प्रहराची झाली. त्या गावात बोलवणारा तेवढा एकच आवाज उरला, आणि तोही मला बोलवत नव्हता. आणखी दोन दिवस असेच गेले. गंजाशी बोलून बघितलं, पण आता त्यातही काही राम राहिला नव्हता. मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या. एक, म्हातारी माझ्या वडाभाताने मेली. दोन, मेली नसेल तर ती माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही. आणि खोटं कशाला सांगू, दुसरी गोष्ट जास्त लागत होती.

जाऊन बघावं तर जायचं कसं? आजवर मी तिच्या दारात गेले ती भरल्या ताटलीमागून. ताटली तिच्याकडे, घरात धड काही नाही, आणि हात हलवत कोणाच्या दारात जाणं मला जन्मात जमलेलं नाही. काय डोक्यात आलं कोण जाणे, मी आमची स्टीलची ताटली उचलली, यांचं नाव कोरलेली, आणि निघाले. दार वाजवल्यावर लक्षात आलं की ताटली रिकामी आहे. म्हणजे कोराडीच्या इंजिनिअरसाहेबांच्या सौभाग्यवती परक्या देशात दारोदार रिकामी ताटली घेऊन उभ्या! दुकानदाराने बघितलं असतं तर या वेळी पिशवीभर लिंबं दिली असती.

दार उघडलं. हातिजेबाई जिवंत होती. शाल गुंडाळलेली, चेहरा पांढरा, पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधलेली. तिने मला बघितलं आणि एकदम मागे सरकून टेबलावरच्या कशावर तरी रुमाल टाकला. पण मी बघितलं होतं. निळ्या काठाची ताटली होती. घासलेली, पुसलेली, आणि रिकामी. अंथरुणाला खिळल्यामुळे तिच्याकडे ताटलीत घालायला काही नव्हतं, आणि रिकामी परत देणं तिलाही जमत नव्हतं. म्हणून बिचारी पडदा ओढून लपून बसली होती.

मी माझी ताटली पाठीमागे लपवली. तिने ती बघितली. मी रुमालाकडे बघितलं. मग ती हसायला लागली, पोट धरून, अक्षरशः पोट धरून, कारण पोट दुखत होतं. मीही हसले. तिने माझा दंड धरून मला आत ओढलं आणि शेगडीजवळ बसवलं.

दुपारभर मी तिथेच होते. तिने भिंतीवरचा फोटो दाखवला, मुलगा, सून, "अलमान्या". म्हणजे जर्मनी. मी म्हटलं, "माझी मुलगी यवतमाळला, मुलगा पुण्याला." तिने दोन्ही गावं माहीत असल्यासारखी मान हलवली. मग ती सुनेबद्दल बोलली. मला तुर्की येत नाही, पण सुनेबद्दल होतं हे नक्की. मी तिला सासूबाईंच्या हळदीकुंकवाबद्दल सांगितलं. तिने जीभ चावली, म्हणजे सगळं कळलं. खिडकीतून समुद्र दिसत होता, पण आता तो बघत बसायची मला गरज नव्हती.

अंधार पडला तशी मी उठले. आमच्या पायरीवर हे डबा मांडीवर घेऊन, मफलर गुंडाळून बसले होते. किल्ली माझ्याकडे.

"कुठं गेली होती वं?"

"शेजारी."

"काय दिलं तिनं?"

"काही नाही."

"तू काय नेलं होतं?"

"काही नाही."

यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली.

"अन् हे काय?"

मी बघितलं. निघताना सवयीने टेबलावरून ताटली उचलली होती. निळ्या काठाची! आमची स्टीलची, यांच्या नावाची, तिच्या शेगडीजवळ राहिली होती.

"म्हणजे," हे इंजिनिअरच्या थंड आवाजात म्हणाले, "तिची रिकामी आपल्याकडं, अन् आपली रिकामी तिच्याकडं. उद्या दोघी भरून पाठवसान."

महिनाभर धडपडून मला एक ताटली थांबवता आली नव्हती, तिथे आता दोन सुरू झाल्या होत्या, आणि ट्रंकेत फक्त तिखट होतं.