रुळावर राहिलेली ट्रॉली

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मिशीतल्या मिशीत हसू येतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी फौजदार होतो त्या ठाण्यावरची पाटी नवी, खुर्च्या जुन्याच. त्यात दुष्काळ. त्या उन्हाळ्यात गुन्हेसुद्धा पाण्याभोवतीच फिरत. घागरीवरून मारामारी, आडावर डोकी फुटलेली.

एका सकाळी टँकरचा ठेकेदार ठाण्यात आला. कपड्यांना कडक इस्त्री. "साहेब, बंद लाइनीवरला चौकीदार चोर हाय. विहिरीवरचा पंप ट्रॉलीवर घालून फाटकापस्तोर नेला अन् नांदेडच्या भंगारवाल्याला दिला. ट्रॉली आजून फाटकापाशीच उभी हाय."

ती लाइन म्हणजे फाट्याची छोटी रेल्वे; ती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पण स्टेशनाची विहीर वाफेच्या इंजिनांसाठी खोदलेली, कधी न आटलेली. चौकीदार तिच्यावरच्या डिझेल पंपाने पिंपं भरी आणि पुढच्या वस्तीची माणसं ती ट्रॉलीवर ठेवून ढकलत नेत. वस्तीला सरकारी टँकर जातच नसे. आता पंप गेला, आणि विहीर इतकी खोल की पोहरा वर येईपर्यंत बायकांचे हात सोलवटत.

पंचनामा केला. फाटक स्टेशनापासून मैलभर, वस्तीच्या उलट दिशेला. तिथे ट्रॉली रुळांवर उभी होती. ती परत स्टेशनात आणून ठेवली आणि चौकीदाराला ठाण्यात बसवलं. साठीला टेकलेला माणूस, खाकी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"बाबा, पंप कुठं आहे?"

"मला ठावं न्हाई साहेब. त्या दिशी मी पाव्हण्याकडं मयतीला गेल्तो."

"ट्रॉली तर तुझ्याच ताब्यात."

"हाव. पर मी इकलं न्हाई. नोकरी गेली तं गेली, वस्तीतल्या बाया मला चोर म्हनून राहिल्या, ते सोसंना."

त्याचे डोळे भरून आले. पण चोरही रडतात, हे मी पुष्कळ पाहिलं होतं. म्हणून विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊनच स्टेशनावर गेलो. सिग्नलचा हात वर अडकून गंजला होता. शेडमध्ये एक इंजिन उरलं होतं. त्याच्या भट्टीत कोंबडी अंड्यावर बसलेली, पण पितळी नळ घासूनपुसून लख्ख. भंगार विकणारा हे पितळ ठेवील का, असं मनात आलं.

मग आम्ही ट्रॉलीवरून फाटकाकडे निघालो. शिपाई ढकलत होता. फाटकापाशी मी उतरलो, तर म्हाताऱ्याने लगेच ट्रॉलीवरचा लाकडी पाट उचलून बाजूला ठेवला आणि शिपायाला चाकांची जोडी धरायला लावून ट्रॉली रुळांवरून खाली घेतली. मला हसू आलं. "अहो बाबा, इथं कुठली गाडी येते आता?"

"गाडी येवो न्हाई तं न येवो. रुळावर ट्रॉली सोडायची न्हाई. हात आपोआप जातो साहेब."

मी हसायचा थांबलो. पंचनाम्याच्या दिवशी ट्रॉली इथेच रुळांवर होती. चोरीचा आळ डोक्यावर असतानाही ज्याचा हात चाकाकडे गेला, तो पंप चोरून ट्रॉली तशीच टाकून जाईल? तिला नेणारा माणूस रेल्वेतला नव्हता.

इकडेतिकडे पाहिलं. फाटकाला लागूनच ठेकेदाराचं शेत. कडब्याची भलीमोठी गंजी, एक पेंढीही न उपसलेली. आणि गोठा रिकामा, कारण जनावरं सरकारी चारा छावणीत! घरची गंजी राखून जनावरं छावणीला? माणूस दुष्काळात कडब्याला हात लावत नसेल, तर त्याखाली कडब्याहून मोलाचं काही असतं.

ठेकेदाराची जड कामं त्याचा टँकरवरचा ड्रायव्हरच करी; त्याला तिथेच बोलावलं. म्हटलं, "ही ट्रॉली जरा पुढच्या खांबापर्यंत ने." त्याने नेली, आणि रुळांवरच सोडून हात झटकत परत आला.

"आरं, उतरव ना ती!" चौकीदार ओरडला.

"कशाला? इथं कोनती गाडी येनार हाय?"

मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या दिवशीही हेच वाटलं ना रे?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. नजर आपसूक गंजीकडे गेली. मग घडाघडा बोलला. वस्तीला फुकटचं पाणी मिळायला लागल्यापासून विकतच्या टँकरला तिथं कुणी विचारेना, म्हणून मालकाने त्याच्याकडून पंप काढवून घेतला होता. पंचांसमोर गंजी उपसली. खाली पंप, पोत्यात गुंडाळलेला, अगदी शाबूत. इस्त्रीचे कपडे संध्याकाळपर्यंत कोठडीत चुरगळले, याचा मला आनंद झाला. आजही होतो.

रीतसर ताबा घेऊन पंप बसवला त्या दिवशी सगळी वस्ती स्टेशनावर लोटली होती. पहिली धार आली तशी पोरं शेडमधल्या इंजिनावर चढून ओरडायला लागली. एका आजीने चौकीदाराचे हात धरले. "आमी तुला नाय नाय ते बोललो रं भाऊ."

"पानी घ्या आधी," म्हातारा म्हणाला आणि डोळे पुसत त्याने हिरवं निशाण दाखवलं. पिंपांनी भरलेली ट्रॉली निघाली.

नोकरीत मी बोटांचे ठसे पुष्कळ घेतले. त्या केसपासून माणसाच्या हातांची सवयही पाहू लागलो. जीभ खोटं बोलते, सवयीला ते सुचत नाही.

ट्रॉली रिकामी होऊन परत आली तेव्हा मी निघालोच होतो. म्हाताऱ्याने पाट बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. गाडी येणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. टोपी काढून मी चाकाची दुसरी बाजू धरली.